हळू चाला

होस्टेलच्या एका खोलीतले आम्ही पाच जण,
घोरण्यापुरते ओळखीचे.
फोगो बेटावर ब्रुनिल्डाबाई पुढे, रबरी चपलेत;
आम्ही मागे, महागड्या बुटांत धापा टाकत.

घोट्याएवढी राख. थिजलेल्या काकवीसारखा
वळ्यावळ्यांचा लाव्हा.
योनास फोटोसाठी उंचवट्यावर चढला.
‘हळू,’ बाई म्हणाल्या, ‘खाली माझं स्वैपाकघर आहे.
फडताळात सहा कप. पाहुण्यांचे.’

हेउननं बूट काढले, मोजे काढले.
दगड अजून कोमट होता.

रात्री राखेतल्या द्राक्षांची वाइन
जॅमच्या बरण्यांतून.
पुन्हा इथंच का बांधलंत,
हे विचारायचं राहूनच गेलं.

निघताना एवढंच म्हणाल्या,
‘बूट झाडाल ना,
ते इथं अंगणातच झाडा.’