कोनी शे तू?

पैलाडची गल्ली. दुपारचे दोन.
यादीत घर एकशे बारा, मतं सात.
दार सताड उघडं. वर गच्चीवर
केसरबाई बिबडे घालत होत्या.

"कोनी शे वं तू?"
मी पक्ष सांगितला, चिन्ह सांगितलं,
नळाला रोज पाणी येईल, तेही.
"तसं नई वं. कोनी पोर?"

"दगा सुताराची."
"मंग बठ. कावळा हाकल."

तासभर हाकलले.
सात चिठ्ठ्या दगडाखाली फडफडत होत्या.
वाटीभर ऊन ऊन घाटा, वर कच्चं तेल.
मत कुणाला, विचारायचं राहिलंच.

रात्री कार्यालयात खुणा करायला बसले:
आपले, त्यांचे, काठावरचे.
एकशे बारापुढे
तेलाचा बोटभर डाग.
तेवढं घर
तसंच सोडलं.