उपासाचा भात

पोत्याच्या पोटात परखी खुपसली
की दाणे तळहातावर येतात.
तांदूळ असेल तर आधी वास घेतो, मग एक दाताखाली धरतो,
मग मावजीशेठला सांगतो जुना की नवा.
एकतीस वर्षं हेच. वाशी, दाणा बाजार, मापाडी.
दाताखालचा दाणा थुंकायचा असतो.
या दिवसांत मी तो गिळतो.

राखेच्या बुधवारपासून आज अठरावा दिवस.
मासळी नाही, अंडं नाही, तूप नाही,
चहात दूध नाही. हे शेवटचं फार जड जातं,
देवाला ते ठाऊक असावं.
भात चालतो. ज्वारी, नाचणी, मूग, अख्खा मसूर चालतो,
आणि हेच कुणाला पटत नाही.
"भात खाऊन कसला उपास, तोरणे?"
सर्जेराव विचारतो, संकष्टीची खिचडी पुढे सरकवत,
साबुदाण्यावर तुपाची धार.
मी म्हणतो, तूप चालत नाही.
तो म्हणतो, मला तुझा भात.
मग दोघं आपापल्या डब्यात बघत
थोडा वेळ गप्प जेवतो.

घरी कोपरखैरण्याला शलोमी
मॉलमधून आणलेलं पाकीट कापते.
सात धान्यं, सालासकट, रात्रभर भिजवायची.
पाकिटावर डोंगर, आणि भाव असा
की धंद्यातला माणूस असून मी तो दोनदा वाचला.
चव चांगली आहे. स्वच्छ आहे.
एकही खडा नाही.

आई झाडू मारायची, मस्जिद बंदरला,
बाजार खाडी ओलांडून इकडे आला नव्हता तेव्हा.
आकडा लागे, पोतं फाटे,
सांडलेलं ती पदरात भरे:
तांदूळ तूर बाजरी मटकी, सुतळीचे धागे, माती.
रात्री सूप चाले. पाखडून पाखडून
उरे ते सगळं एकाच पातेल्यात.
त्याला नाव नव्हतं. उपास तर कुणीच म्हणत नसे.
प्रार्थना मात्र लांब होई,
आणि आम्ही पोरं डोळे किलकिले करून
वाफेवर नजर ठेवायचो.
कचकन खडा लागला की आई म्हणे,
हळू चाव, एवढंच सांगायला आलाय तो.

काल दुपारी तान्हाबाई झाडत होती,
गाळ्याच्या पायरीखाली, ट्रक गेल्यावर.
मी वाकून तिची पाटी बघितली.
म्हटलं, मूठभर दे.
तिचा हात थांबला.
मापाडी मागत नाही, मापाडी पकडतो.
"घ्या, सगळंच घ्या," म्हणाली
आणि पाटी उपडी केली.

एकतीस वर्षांत मी कुणाकुणाला काय काय बोललो
ते तिथं फरशीवर पसरलं होतं.
कुठलीही परखी एवढी आत जात नाही.

मी खाली बसलो. गुडघे आता वाजतात.
तिच्याबरोबर वेचू लागलो.
"अहो, कपडे."
म्हटलं, उपास आहे माझा.
"मग हे कशाला? यात तांदूळ आहेत की."
मग हसली, पण तोंडावर पदर धरून,
अजून पुरता विश्वास नव्हता.
"आमच्याकडं कोंबड्या खातात हे," असं सांगत
तिनं दोन ओंजळी माझ्या रुमालात टाकल्या.
माप तिचं. दहा रुपये घेतले.
घासाघीस करायचं मला सुचलं नाही.

शलोमीनं चाळलं, निवडलं, तीनदा धुतलं,
काही न विचारता.
मीठ आणि पाणी.
प्रार्थनेला मी डोळे मिटले, शब्द आले नाहीत,
आमेन तीच म्हणाली.
चौथ्या घासाला कचकन
आला तो.
"थुंका ना," शलोमी म्हणाली.
मी जिभेवर धरून बसलो होतो.