टिपायचं, चोळायचं नाही

इथलं पाणी जड आहे.
इप्सविचच्या या घरात आलो तेव्हा
किटलीच्या बुडाशी चुन्याची खपली बघून
मी व्हिनेगर ओतलं आणि विसरून गेलो.
तेच पाणी तुला घालत होतो, उर्वी,
दोन वर्षं, रोज, भरपूर फेस काढून,
कौतुकाने.

आता टबात साबण नाही.
माझ्या जुन्या मोज्यात ओटचं पीठ भरतो,
गाठ मारतो, नळाखाली धरतो.
पाणी ताकासारखं होतं.
तू मोजा पिळतेस आणि म्हणतेस, "म्हैस."
दहा मिनिटं. जास्त नाही.
मग टॉवेल. इथे मला नव्याने
मराठी शिकावी लागली:
चोळणं वेगळं, पुसणं वेगळं, टिपणं वेगळं.
आम्हाला लहानपणी खसाखसा पुसत,
कान लाल होईपर्यंत. तीही मायाच होती.
तुला टिपतो,
ओल्या शाईवर टीपकागद ठेवावा तसा,
गुडघ्यामागे, कोपराच्या खळीत,
मानेच्या वळीत, जिथे तू
कालची रात्र नखांनी लिहून ठेवलीयेस.

लगेच मलम, अंग ओलसर असतानाच.
अर्धा किलोचा डबा पंधरवड्यात संपतो.
चमच्याने काढायचं, बोटं घालायची नाहीत,
लव जाते त्या दिशेने हात फिरवायचा.
मग भिजवून पिळलेली कापडी नळी हातापायांवर,
तिच्यावर दुसरी, कोरडी.
तू आरशात बघतेस. "मी मुळा."

ड्रॉवरमध्ये आणखी एक मलम आहे,
स्टेरॉइडचं, सील न फोडलेलं.
डॉक्टर अडेयेमी म्हणाल्या, तो काही राक्षस नव्हे,
लागलं तर लावायचं, न घाबरता;
पण आधी हे पंधरा दिवस नेटाने करून बघू.
अनघा ड्रॉवर उघडते, बंद करते.
मीही.
आम्ही एकमेकांना सांगत नाही.

रात्री तीन. रेडिएटर बंद, खिडकी बोटभर उघडी.
झोपेतच तुझे हात कामाला लागतात,
सुती हातमोज्यांच्या आतून खर्र खर्र,
उंदीर कागद कुरतडतो तसे.
"खाजवू नको" म्हणून काही होत नाही.
खाजवून खरूज काढू नये म्हणे.
ही म्हण करणाऱ्याचं लेकरू
त्या रात्री गाढ झोपलेलं असणार.
मी गार रुमाल तुझ्या मनगटावर ठेवतो
आणि कामावरची गोष्ट सांगतो:
फेलिक्स्टोच्या बंदरात आज एक पेटी आली,
घराएवढी, लाल. तिच्यात काय होतं?
"म्हैस," तू म्हणतेस, डोळे मिटून.
मग निळी पेटी. मग गंजलेली.
सतराव्या पेटीला तुझी बोटं सैल होतात.
अठरावी मी तरीही उघडतो.

नाशिकच्या मावशीने लोकरीचा स्वेटर पाठवलाय,
सूर्यफुलं विणलेला. तो अस्वलाने घातलाय.
मावशी विचारते, बसला का गं पोरीला?
अनघा म्हणते, अगदी मापात बसला.
कुणाला ते सांगत नाही.

काल, अकराव्या दिवशी,
पहाटपाळी करून आलो. वाऱ्याने माझी पेरं फुटलेली,
क्रेनखाली हातमोजे घातले तरी फुटतात.
तू डबा घेऊन आलीस, चमचा विसरलीस,
अख्खा पंजा बुडवलास
आणि माझ्या हातावर ठेवलास.
"चोळायचं नाही," मलाच दटावलंस. "हलू नको."
मी हललो नाही.
बाहीवर थर, घड्याळावर थर,
किती वाजले ते दिसेना.

गुडघ्यामागे अजून लाल आहे.
मानेवर थोडं कमी, की उजेडच कमी होता?
आज पाच तास सलग झोपलीस.
अनघा वहीत लिहिते: पाच.
पुढे काहीतरी लिहिते, खोडते.

दोरीवर एकच मोजा वाळतोय.
शेजारची बोझेना कुंपणावरून विचारते,
दुसरा कुठे गेला?
हा लापशीचा, मी म्हणतो.
ती मान डोलावते, जणू
प्रत्येक घरात एक असतोच.