प्रश्न अकरावा

गुरुवारी क्विझ आहे, विनोदी नाटकावर.
वीस प्रश्न, वीस गुण,
आणि मी त्रेचाळीस वर्षांची.

नाटक चारशे वर्षांपूर्वीचं.
त्यातल्या माणसांना नुसते कपडे बदलले
की समोरचा ओळखू येत नाही.
इथे न्यूलिनच्या मासळी शेडमध्ये
पांढरा एप्रन, निळी टोपी, तोंडावर मास्क,
सगळ्याजणी एकाच साच्यातून काढल्यासारख्या;
तरी लव्हडे मला पाठीमागून, खोकल्यावरून ओळखते.

दुधाच्या बिलांच्या पाठीवर मी प्रश्न लिहिलेत.
पिशवीत घालून बर्फाच्या पेटीला टेकवलेत.
बांगड्याचं पोट फाडायचं, आतडी बादलीत,
एक धार पाणी,
आणि एक उत्तर.

'जहाज कितव्या अंकात फुटतं?'
कुठल्याच नाही.
पडदा वर जातो तेव्हा ते फुटून गेलेलं असतं,
ती काठावर उभी असते, ओली.

'मुलीने पुरुषाचे कपडे का घातले?'
पगार जास्त मिळतो म्हणून, डेन्झिल म्हणाला,
आणि बायकांच्या टेबलावरून
एक बांगडा त्याच्या दिशेने उडाला.
याला गुण मिळणार नाहीत.
पण मी समासात लिहून ठेवलं.

'खोटं पत्र कुणी लिहिलं?'
मोलकरणीने. तिचं अक्षर मालकिणीसारखंच.
कसं काय, ते कुणी विचारत नाही.
मला वाटतं, वाण्याच्या याद्या
वर्षानुवर्षं तीच लिहीत असणार.

पंधराव्या वर्षी शाळा सुटली तेव्हा
वर्गात हेच नाटक चालू होतं.
मला एकच वाक्य होतं, दुसऱ्या शिपायाचं.
ते म्हणायची पाळी येण्याआधी
दारात आई उभी राहिली, हातात माझा कोट.
वाक्य अजून येतं मला.
कुणी अटक करायला सापडलं, तर म्हणेन.

'अकरावा,' लव्हडे वाचू लागली,
'बुडालेला भाऊ…'
आणि तिची सुरी कल्ल्यात अडकून राहिली.

तिच्या दाराआड एक पिवळा रेनकोट लटकतो.
चौदा वर्षं झाली, कोरडा.

'चिठ्ठी भिजलीय. अक्षर फुटलंय,' ती म्हणाली,
'पुढचा घे.'
अक्षर फुटलं नव्हतं.
पिशवीत पाण्याचा थेंबही नव्हता.
मी म्हटलं, बरं झालं,
हा मला नीट येतच नव्हता.

बारावा: 'शेवटी लग्नं किती?'
तीन.
'तीन! आणि जेवणावळीचं बिल कुणाच्या नावावर?'
पॅस्को मुकादम तेवढ्यात आत आला,
म्हणाला, खवल्यांत एवढं हसण्यासारखं काय आहे,
म्हणून आम्ही आणखी हसलो,
लव्हडे सगळ्यांत मोठ्याने.

शिफ्ट संपली. नळीने फरशी धुतली.
बाहेर धक्क्यावर समुद्रपक्षी
डोक्यांवरून भांडत होते, माशांच्या.
हातमोजे उलटे करत,
माझ्याकडे न बघता ती म्हणाली,
'डोलकाठीला धरून तरला ना तो?
तुझं पुस्तक वाचलं मी, जेवणाच्या सुट्टीत.
दोन दिवस लागले.'

'हो,' मी म्हटलं.

'मग तसंच लिही. डोलकाठी.
आणि स्पेलिंग बघ,
गेल्या खेपेला तुझे दोन गुण त्यातच गेले होते.'