पाटकरी

सामोड्यात, हिलाल आप्पांच्या ओट्याला शिडी टेकवून
मी काचेची तार आत ओढली. केसाएवढी.
आप्पा म्हणाले, "इतलीशी? आनि यामा आख्खं गाव मावस?"

फडाच्या जुन्या नकाशाशेजारी डबी ठोकली.
घरात सात फोन, एक टीव्ही, यामिनीचा लॅपटॉप,
आणि बाहेरच्या जगाला ठाऊक असलेला
पत्ता एकच.

"मंग उत्तर उनं तं कोनं शे हाई कसं समजस?"
आजवर कुणी विचारलं नव्हतं हे.
म्हटलं, ही डबी वही ठेवते.
कुणी काय मागितलं त्याची ओळ लिहिते,
आतलं नाव झाकून
प्रत्येक चिठ्ठीवर स्वतःचाच शिक्का मारते.
उत्तर आलं की वहीत बोट फिरवून
ज्याचं त्याला.
काही वेळाने ती ओळ खोडलेली असते.

"म्हंजे पाटकरी," आप्पा म्हणाले.
चव्वेचाळीस वर्षं पांझरेचं पाणी
त्यांनी पाटातून चारीत वाटलेलं.
नदीला कुठे माहीत होतं
उसात कोण उभं आहे, गव्हात कोण.
नदीची ओळख बंधाऱ्यापुरती.

"आनि रातले? जागल्या कोन?"
तोही हाच.
रात्रभर कुठून कुठून दारं चाचपली जातात,
माणसं नसतात ती, यंत्रंच,
कडी सैल कुठे आहे बघत फिरणारी.
वहीत ओळ नसेल तर हा उठत नाही.
नाही म्हणत नाही. खोकतसुद्धा नाही.

आप्पा हसले. ते तर मुद्दाम खोकायचे.

तेवढ्यात आत यामिनीचा तास अडकला,
सरांचं तोंड उघडंच राहिलं पडद्यावर.
माडीवर काका अख्खा सिनेमा उतरवत होता.
आप्पांनी मानही न वळवता हाक दिली,
"ए भिला, तुनी चारी बंद कर!"

जाता जाता खरं ते सांगितलं:
आपणच बोलावलेलं हा अडवत नाही.
भलत्या लिंकवर बोट पडलं
की वहीत ओळ पडते, दार उघडतं.
"पानीसंगे गवतनं बी येसच," आप्पा.

मग पासवर्ड. मी तोंड फिरवून
नकाशातल्या निळ्या रेघा मोजत राहिले.
मागे एकाच बोटाचा आवाज, थांबत, थांबत.

वळले तर आप्पा अडकित्त्याच्या टोकाने
डबीच्या पोटावरचा कारखान्याचा पासवर्ड
खरवडत होते.
आता तो चालत नाही आप्पा, म्हटलं.
"तरीबी," म्हणाले.