दुसरा पडदा, तिसरी तार

मिंडेलोच्या बंदरामागे, मासळीबाजाराच्या वरच्या गल्लीत
बाल्ताझारचं दुकान.
सहाराची धूळ सुटली की दार लावून घ्यायचं,
नाहीतर ओल्या व्हार्निशला दाढी फुटते.
हे मी पहिल्याच आठवड्यात शिकलो.
पडदे वाचायला दीड वर्ष लागलं.

झुल्मिरा आली ती मंगळवारी,
गिटार चादरीत गुंडाळून, काखेत मारलेली.
म्हणाली, दुसऱ्या पडद्यावर माशी बसलीय.
हॉटेलातल्या पाहुण्यांना कळत नाही,
मला कळते.

बाल्ताझारनं गिटारची मान उजेडाकडे धरली,
एक डोळा मिटून, होडीचा तळ बघावा तशी बघितली,
आणि माझ्या हातात दिली. वाच.

वाचलं.
पहिल्या तीन पडद्यांवर तारांखाली खळगे.
ए मायनर, डी मायनर, पुन्हा ए मायनर,
उंबऱ्याला पाय घासावेत तसे.
सातव्यापर्यंत जाऊन आल्याच्या पुसट खुणा,
बहुधा कुणाच्या लग्नातल्या.
बाराव्याच्या पुढे सगळं कोरं.
तिथं बाई कधी गेल्याच नाहीत, मी बोलून गेलो.
झुल्मिरा म्हणाली,
तिथं काय आहे?

बाल्ताझारनं हिशेब मांडला.
सगळे बदलायचे तर
रॉटरडॅमच्या भाच्याला सांग, स्टीलचे पाठवील,
तुला-मला पुरून उरतील.
पण उपटताना आबनूस टवके सोडतो,
म्हातारं लाकूड, चिडकं.
घासायचे तर
सगळ्यात खोल खळग्याच्या मापानं
सगळेच खाली आणायचे.
जे कधी वाजले नाहीत, तेही.

त्यांनी काय केलंय?

काही नाही. म्हणून तर उंच राहिलेत.

झुल्मिरानं अंगठ्याचा सांधा दाबला.
घासले तर किती वर्षं?
सहा. रोज वाजवलंस तर.
रोज कुठलं, शुक्रवार-शनिवार,
आणि एखादं मोठं जहाज लागलं तर.
घासा.

मी लाकडावर कागदी पट्ट्या चिकटवल्या,
प्रत्येक पडद्याच्या माथ्यावर काळी शाई फिरवली.
बाल्ताझारची लांब कानस पुढे-मागे, पुढे-मागे,
दातांत कळ येईल असा आवाज.
शाई गेली तिथं उंची होती,
राहिली तिथं बोट होतं.
दुपारपर्यंत सगळी शाई गेली,
एक ठिपका सोडून.
दुसरा पडदा, तिसरी तार.

अजून घासायचं म्हणजे बाकीच्यांत
पोस्टकार्डाएवढी जाडी उरणार.
बाल्ताझार कानस धरून उभा.
दारातून झुल्मिरानं नखानं तो ठिपका चाचपला,
मग बोट वर सरकवत नेलं थेट टोकाला,
एकोणिसाव्यावर.
हा इथं नुसता बसून आहे.
ह्याला खाली आणा.

बाल्ताझार पुटपुटला.
असं काम लोकांनी बघितलं तर
कारागिराची लाज जाते.
पुटपुटत त्यानं खार तापवायला ठेवला.
पडदे ऊब मिळाल्यावर निघाले, सावकाश,
तरी आबनूसचा उंदराच्या दाताएवढा टवका उडालाच.
एकोणिसावा दोन्ही टोकांना लांब पडत होता,
तेवढा कापला.
हातोडीचे सात टोले.
उंचीला शेजाऱ्यांच्या बरोबर होता,
घासायची वेळच आली नाही.

वरच्या रिकाम्या खाचेत मी लाकडाची चिपटी बसवली.
ते काम माझं.

झुल्मिरानं ए मायनर धरला. माशी नव्हती.
डी मायनर. नव्हती.
पैसे अर्धे दिले, अर्धे पुढच्या जहाजानंतर.
चादर उलगडता उलगडता थांबली,
आणि काय वाटलं कोण जाणे,
करंगळी वर, पार वर नेली,
जिथं आता काहीच नव्हतं,
आणि तार दाबून छेडली.

ठक्.

पुन्हा एकदा.
मग गिटार गुंडाळून निघाली.
आठ वाजता हॉटेलात पोहोचायचं होतं.