अकराची बरणी

नोव्हेंबरच्या शेवटी सूर्य गेला.
न सांगता गेला असं नाही,
तारीख छापलेली असते कॅलेंडरवर;
तरी दरवर्षी वाटतं
पंगतीतून कुणी मध्येच उठलं.

मग व्हार्दोत दुपार म्हणजे
निळ्या शाईत बुडवलेला बोळा.
तासभर. पुन्हा रात्र.

डॉक्टरांनी दिवा दिलाय,
रोज अर्धा तास त्याच्यासमोर बसायचं.
बसतो, चौकशीला बसवल्यासारखा.
काय लपवलंय, मलाच ठाऊक नाही.

गावभर खिडक्यांत नाताळच्या चांदण्या लागल्या.
माझी खोक्यातच. बल्ब आहे, वायर आहे,
पण शिडी चढायची तर आधी उठावं लागतं,
आणि उठायचं तर पाय आपले वाटावे लागतात.

बर्गेनहून लेकीचा फोन.
जेवलात? जेवलो.
झोप? छान.
खोटं बोलायला एकेक शब्द पुरतो.

रोज अकराला मात्र राग्नफ्रिड येते,
वरच्या घरातली, चौऱ्याहत्तरची,
बुटांना काटे लावून,
हातात हेरिंगची बरणी:
"ओड्वार, झाकण निघत नाही."
मी उघडून देतो. ती बसत नाही,
कॉफी नको म्हणते, जाते.
त्या अर्ध्या मिनिटासाठी
मी शर्ट घालू लागलो.
आठवड्यानं दाढीही केली.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी
चर्चची घंटा बर्फात रुतत होती
तेव्हा ती आली.
बरणीच्या लेबलाचा फाटका कोपरा
ओळखीचा वाटला.
झाकण हात लावताच फिरलं.
मी तिच्याकडे पाहिलं.
"पहिल्या दिवसापासून सैलच आहे," ती म्हणाली.
"मला तरी बूट घालायला
दुसरं काय कारण होतं?"

आम्ही उभ्यानंच खाल्लं, एकाच काट्यानं,
आळीपाळीनं.
डॉक्टरांचा दिवा टेबलाच्या मधोमध ओढला.
त्यात तिचं तोंड फार म्हातारं दिसलं,
माझंही दिसलं असणार.

दुसऱ्या दिवशी अकराला
रिकामी बरणी घेऊन दारात हजर:
"घट्ट लावून दे, मला जमत नाही."

जानेवारीत सूर्य परतायचा त्या दिवशी
शाळेला सुट्टी होती आणि आभाळ भरलेलं.
कुणालाच दिसला नाही.
पोरं तरीही टेकडीवर ओरडत राहिली.
"आला असेल," राग्नफ्रिड म्हणाली,
"ढगामागे बूट घालत असेल."

चांदणी अजून खोक्यातच आहे.
काही सकाळी दिवाही लावत नाही मी.
आत्ता अकराला पाच कमी,
शर्टाचं एक बटण तुटलंय,
पलंगाखाली शोधतोय.